मालकीचं जंगल राखायला पैसे देताना: सातबारा, जाळरेषा आणि कार्बनचा हिशेब

पावसाळ्यात साताऱ्यात रोज सकाळी तीन गावांचे आकडे वाचले जातात. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. त्याखाली धरणात किती टीएमसी. हा पाऊस ज्या उतारांवर पडतो तिथली झाडं कोणाच्या मालकीची, हे मात्र त्या आकड्यांत दिसत नाही. कोयना अभयारण्य साधारण ४२३ चौरस किलोमीटर, चांदोली राष्ट्रीय उद्यान ३१७. ही दोन्ही २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली आणि २०१२ साली कास पठार, राधानगरीसकट जागतिक वारसा यादीत गेली. त्यांच्या कडेकडेनं, पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सांगलीकडच्या शिराळा तालुक्यात, बरंच जंगल मालकीचं आहे. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव, जमिनीवर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, ऐन. ते आज उभं आहे ते बऱ्याचदा ठेकेदाराची पाळी अजून आलेली नाही म्हणून.

अशा जमिनीसाठी कोणी बाहेरून पैसे द्यायचे आणि मालकानं ती तोडायची नाही, याला 'जंगल प्रायोजित करणं' म्हणतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात पैसा नेमका कशाचा दिला जातो, हे ठरवण्यातच निम्मं काम असतं.

कल्पना बाहेरची आहे. १९८७ साली स्वीडनमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी कोस्टा रिकातलं वर्षावन वाचवायला पैसे गोळा केले, ते लोण इतर देशांत पसरलं, आणि त्या पैशातून मोंतेवेर्देजवळ जमीन विकत घेत घेत 'मुलांचं चिरंतन वर्षावन' उभं राहिलं. आज ते वीस हजार हेक्टरांच्या वर आहे. त्याच कोस्टा रिकानं १९९६ साली वनकायदा बदलला आणि खाजगी जमीनमालकांना जंगल राखण्याचा मोबदला देणं सुरू केलं. त्यासाठीचा बराच पैसा इंधनावरच्या करातून आला. म्हणजे दोन वाटा झाल्या. एक, जमीन विकत घ्या. दुसरी, मालक आहे तिथंच राहू द्या आणि राखणीचे पैसे द्या.

पहिली वाट आपल्याकडे जवळपास बंद आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाही, घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. संस्था ही शेतकरी नसते. मुंबई-पुण्यात बसलेला देणगीदारही बहुधा नसतो. त्यामुळे 'तुमच्या नावानं सह्याद्रीत एक एकर जंगल घेऊन ठेवतो' असं कोणी म्हणालं, तर जमीन नेमकी कोणाच्या नावावर चढणार आणि कोणत्या परवानगीनं, हे तिथल्या तिथं विचारावं. राहिली दुसरी वाट. ती लांबची आहे, पण मालकाला उठवत नाही. कोयना आणि चांदोलीच्या खोऱ्यांत हा मुद्दा साधा नाही. धरण, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांच्यासाठी गावंच्या गावं उठलेली आहेत. 'संवर्धन' हा शब्द ऐकला की म्हातारी माणसं आधी विचारतात, 'म्हणजे आम्हाला कुठं नेणार?'

आधी सातबारा

जमिनीचा एखादा गट (सातबाऱ्यावर स्वतंत्र क्रमांक असलेला तुकडा) राखायचा ठरला की झाडं मोजण्याआधी कागद बघायचे. सातबारा, आठ-अ, मागचे सगळे फेरफार, गाव नकाशा आणि मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेखची 'क' प्रत. मोजणी झालेली नसेल तर ती करून घेण्याचा खर्च पहिल्या वर्षाच्या पैशात धरायचा. डोंगरउतारावर बांध नसतात; 'त्या आंब्यापासून त्या ओढ्यापर्यंत' ही हद्द दोन्ही शेजाऱ्यांना मान्य असतेच असं नाही.

सातबाऱ्यावर नजर जाते ती 'इतर हक्क' या रकान्यावर. तिथं सोसायटीचा बोजा आहे का, कुळाचं नाव आहे का, इनामाची नोंद आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'वन' किंवा 'खाजगी वन' असा शेरा आहे का. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वनं राज्य शासनाकडे आली. अनेक ठिकाणी नोंदी उशिरा झाल्या, काही ठिकाणी वाद कोर्टात गेले. तो शेरा असेल तर जमीन मालकाची आहे की शासनाची, हाच प्रश्न उघडा आहे. अशा गटाला तोड न करण्याचे पैसे देणं म्हणजे जी तोड आधीच बेकायदा आहे ती थांबवल्याचं बक्षीस देणं. चांगल्या मनानं दिलेले पैसे इथं सर्रास वाया जातात.

दुसरी अडचण नावांची. पाटण-जावळीतल्या एका गटावर पंचवीस-तीस नावं सहज असतात: चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारस नोंद न झालेले मयत. निम्मी भावकी मुंबईत, वाशीच्या बाजारात माथाडी कामाला किंवा आणखी कुठं. गावात राहणारा एक भाऊ 'सगळ्यांच्या वतीनं' सही करायला तयार असतो. त्याच एका सहीवर उभं जंगल ठेकेदाराला उक्तं विकलं गेल्याची उदाहरणंही याच खोऱ्यांत आहेत, तेव्हा एका सहीवर राखणीचा करार करणाऱ्यानंही कान टवकारावेत. सह्या मिळायचा काळ म्हणजे गावची जत्रा, गणपती आणि मे महिना. बैठकीची तारीख जत्रेच्या दुसऱ्या दिवशी धरली तर तीन महिन्यांचं काम एका दुपारी होतं.

करारात काय असावं, काय नसावं

परदेशात जमिनीवर कायमचं संवर्धन-बंधन नोंदवता येतं, मालक बदलला तरी ते राहतं. आपल्याकडे खाजगी जमिनीसाठी असा तयार कायदेशीर साचा नाही. म्हणून करार मुदतीचा असतो, दहा, पंधरा किंवा वीस वर्षांचा. तो भाडेपट्टा म्हणून लिहिला की मालक बिथरतो, कारण 'जमीन कसायला दिली की कूळ लागतं' ही भीती तीन पिढ्यांची आहे आणि ती अगदीच निराधार नाही. म्हणून ताबा मालकाकडेच, वहिवाट मालकाचीच, आणि मोबदला फक्त तोड न करण्याचा व राखणीचा, असं स्पष्ट लिहायचं. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. नोंदलेल्या कागदाची माहिती खरेदीदाराला होती असं कायदा धरतो, त्यामुळे दोन वर्षांनी जमीन रिसॉर्टवाल्याला विकली गेली तर 'आम्हाला ठाऊकच नव्हतं' ही सबब चालत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ठेवलेला करार कपाटात शोभतो, तेवढाच. कास-बामणोली-तापोळ्याकडे जमिनीचे भाव कुठं गेलेत आणि 'नवीन महाबळेश्वर'च्या आराखड्यात दोनशेहून जास्त गावं आहेत, हे पाहिलं की हा खर्च जास्त वाटत नाही.

करारात सगळ्याच गोष्टींना बंदी घातली तर तो पहिल्याच वर्षी मोडतो. भाताच्या तरव्यासाठी (रोपांच्या वाफ्यासाठी) राब लागतो, म्हणजे त्या जागेवर फांद्या-पाला जाळावा लागतो, त्याला फांद्या तोडल्या जातात. चुलीला सरपण लागतं. हिरडा, शिकेकाई, मध, करवंदं गोळा होतात. हे कुठून आणि किती, ते लिहून ठेवायचं: वाळलेलं सरपण चालेल, बुंध्याला कोयता नको; राबासाठी ठरलेल्या कडेच्या झाडांच्याच फांद्या, शेंडा शाबूत ठेवून. नाहीतर एक गट बंद होतो आणि कोयता शेजारच्या गटात किंवा देवराईत जातो. यालाच कार्बनच्या भाषेत 'गळती' म्हणतात. गळती कागदावर टक्क्यांत धरतात, इथं ती सकाळी डोक्यावर मोळी घेऊन चालताना दिसते.

पैसे एकरकमी आगाऊ द्यायचे नाहीत. पाच वर्षांचे एकदम दिले की ते लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये जातात आणि चौथ्या वर्षी मालकाला राखणीचं कारण उरत नाही. वर्षाला एकदा, मेअखेर वणव्याचा हंगाम संपल्यावर, गट फिरून पाहून, जूनमध्ये द्यावेत. तो भात लावणीआधीचा आणि शाळेच्या वह्यापुस्तकांचा महिना असतो. पैसा तेव्हाच सगळ्यात उपयोगी पडतो. हिस्सेदारांच्या खात्यांवर वेगवेगळे, रोख नाही.

कार्बन: एका झाडापासून

राखलेल्या झाडांत किती कार्बन साठतो, त्याचे आता आकडे. जांभळासारखं मध्यम जड लाकडाचं एक झाड घ्या. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेप फिरवला, घेर आला ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३०. उंची १२ मीटर. लाकडाची घनता ०.६ धरली आणि उष्णकटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेलं सर्वसाधारण समीकरण लावलं तर जमिनीवरचं वाळलेलं वजन साधारण ३५० किलो येतं. त्यात ४७ टक्के कार्बन, म्हणजे १६५ किलोच्या आसपास. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करताना ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ नं गुणायचं: सहाशे किलोच्या जवळपास. मुळं वेगळी, ती वरच्या वजनाच्या पाव-एक हिश्शाची धरतात.

हेच झाड चुकीचं मोजलं तर? टेपखाली वेल राहिली किंवा टेप तिरका गेला आणि घेर ९४ ऐवजी १०४ आला. दहा सेंटिमीटरच्या चुकीनं कार्बन २२ टक्के फुगतो, कारण व्यासाचा जवळजवळ वर्ग होतो. उतारावरच्या झाडाला टेपची १.३७ मीटर उंची वरच्या बाजूला उभं राहून धरायची, खालच्या बाजूनं नाही. वेल कापायची नाही, टेप तिच्या आतून सरकवायचा. बुंध्याला जमिनीलगत फुटवे असतील (आणि तोड झालेल्या जंगलात असतातच) तर १.३७ मीटरवर जितके दांडे, तितके वेगळे मोजायचे.

सगळं जंगल मोजत नाहीत, नमुना चौकोन आखतात. ०.१ हेक्टर म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचा चौरस. इथं हमखास होणारी चूक: टेप उतारावरून ओढतात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र मात्र नकाशावरचं, सपाट धरलेलं असतं. ३० अंशांच्या उतारावर ३१.६२ मीटर टेप म्हणजे सपाटीचे फक्त २७.४ मीटर. चौकोन प्रत्यक्षात १३ टक्के लहान भरतो, आणि हेक्टरी कार्बन तितकाच कमी दिसतो. टेप आडवा धरून पायऱ्या-पायऱ्यांनी मोजलं की प्रश्न मिटतो. दोन माणसं आणि एक ओळंबा पुरतो. चौकोनाच्या कोपऱ्यांवर दगडी खुणा, जीपीएस नोंद, प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा क्रमांक, आणि दर पाच वर्षांनी त्याच महिन्यात, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत, पुन्हा मोजणी.

झाडांपलीकडे माती आहे. देशभराच्या वनसर्वेक्षणात जंगलाच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत सापडतो. म्हणूनच जंगल सपाट करून जेसीबीनं रस्ता काढला की फक्त झाडं जात नाहीत.

साठा म्हणजे क्रेडिट नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. समजा एका हेक्टरात झाडांमध्ये ६० टन कार्बन आहे. त्याला ३.६७ नं गुणून २२० टन कार्बन डायऑक्साइड आणि म्हणून २२० कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या कार्बन डायऑक्साइडची विकता येणारी एककं), असा हिशेब काही जण करून दाखवतात. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हे बरोबर. पण मोजायचा असतो तो फरक: पैसे आले नसते तर काय झालं असतं, आणि आल्यामुळे काय झालं.

मालक दर बारा-पंधरा वर्षांनी तोड देत असता, तर बुंध्यांना फुटवे येऊन जंगल परत भरत गेलं असतं आणि सरासरी साठा, समजा, २५ टन राहिला असता. फरक ३५ टन कार्बन, म्हणजे १२८ टन कार्बन डायऑक्साइड. वीस वर्षांवर पसरला तर वर्षाला हेक्टरी ६.४ टन. गळतीसाठी २० टक्के वजा. वणवा लागला, करार मोडला तर भरपाई म्हणून आणखी २० टक्के राखीव. उरले साधारण ४ टन. एकरी दीड टनाच्या थोडं वर. दोन एकरवाल्या मालकाच्या वाट्याला वर्षाला तीन-साडेतीन क्रेडिट. आणि प्रकल्पाची नोंदणी, आराखडा, बाहेरच्या तपासनिसांची पडताळणी यांचा खर्च लाखांत जातो. शेकडो हेक्टर एकत्र बांधले तरच गणित जुळतं, आणि तेही पंचवीस नावांच्या सातबाऱ्यांची मोट बांधून.

'पैसे आले नसते तर' हा आकडा अंदाजाचा असतो, आणि गडबड तिथंच होते. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तीन खंडांमधल्या सहा देशांतल्या २६ वनप्रकल्पांचा अभ्यास आला. बहुतेकांनी जंगलतोड लक्षणीय कमी केलेली नव्हती, आणि ज्यांनी केली त्यांनीही दाव्यापेक्षा बरीच कमी. कागदावर तोडीचा धोका जितका भयंकर रंगवला, तितकी क्रेडिट जास्त. जो गट इतका खडा आहे की तिथं ट्रॅक्टर काय बैलही जात नाही, तो 'वाचवल्याचा' दावा तपासायला फार शिकलेला माणूस लागत नाही. गावातला कोणीही सांगेल. म्हणून तोडीचा धोका ठरवताना तीन गोष्टी बघायच्या: रस्ता किती जवळ आहे, शेजारच्या गटांत गेल्या दहा वर्षांत तोड झाली का, आणि १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली या गावातून किती परवाने निघाले.

या सगळ्यामुळे छोट्या मालकीच्या जंगलासाठी क्रेडिटच्या मागे न लागता सरळ राखणीचे पैसे देणं हा जास्त प्रामाणिक व्यवहार वाटतो. कार्बन मोजावा, तो वाढतोय की नाही हे कळायला. विकायला नव्हे.

पैसा प्रत्यक्षात कुठं जातो: वणवा

सह्याद्रीतलं राखलेलं जंगल तोडीनं जितकं जात नाही तितकं फेब्रुवारी ते मे मधल्या वणव्यानं मागं पडतं. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, या समजुतीनं लावलेली आग डोंगर चढून रानात शिरते. मोठी झाडं बहुधा तगतात. फुटवे आणि रोपं जळतात, म्हणजे पुढची पंचवीस वर्षं जळतात.

दहा हेक्टरांचा गट अगदी चौरस असला तरी परीघ १,२६५ मीटर. वाकडातिकडा असेल तर दीड किलोमीटर धरा. निदान सहा मीटर रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढायची तर जवळजवळ एक हेक्टर गवत कापावं लागतं. डिसेंबरअखेर कापणी, जानेवारीत ते जागेवर पसरून सकाळी दव असताना, वारा पडलेला असताना जाळून टाकायचं, शक्यतो वन विभागाच्या वनरक्षकाला कळवून. नुसतं कापून रचून ठेवलेलं गवत मार्चमध्ये सरपणाइतकंच पेटतं. ही चूक दरवर्षी कुठंतरी होतेच. डोंगराच्या धारेवरची रेषा आधी, कारण आग चढावर पळते आणि धारेवर मंदावते. त्यानंतर फेब्रुवारीपासून दोन माणसांची आळीपाळीची गस्त. ही माणसं गावातलीच हवीत, कारण आग लावणाऱ्याला ती नावानं ओळखतात.

कारवीचं वर्ष वेगळं. सात-आठ वर्षांनी एकदा सगळी कारवी फुलते, मग बी टाकून वाळते. त्या उन्हाळ्यात डोंगरभर वाळलेल्या काड्या उभ्या असतात. कारवीचा बहर येऊन गेला की पुढच्या उन्हाळ्याची गस्त दुप्पट धरायची.

बाकीचा खर्च किरकोळ: रानमोडी आणि घाणेरी उपटणं (फुलायच्या आधी, पावसात माती ओली असताना, मुळासकट), हद्दीचे दगड, वर्षाची फेरी. नवी लागवड जवळपास लागतच नाही. बुंधे जिवंत असतील तर तीन पावसाळ्यांत फुटवे माणसाच्या उंचीचे होतात. तरी देणगीदारांना रोपांसोबत फोटो हवा असतो, म्हणून खड्डे खणले जातात, कधी सुबाभूळ, कधी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली जाते. ते टाळावं. आणि सड्यावर तर एकही झाड लावू नये. कासचं पठार काय, चाळकेवाडीचा सडा काय, खडकावरची वीतभर माती आणि तिच्यातली फुलं हेच तिथलं जंगल आहे. माण, खटाव, आटपाडी, जतची माळरानंही तशीच. तिथला कार्बन गवताच्या मुळांत आहे, झाडं लावून तो वाढवायला गेलं की माळरानही जातं आणि रोपंही वाळतात.

पैसे द्यायच्या आधी संस्थेकडे चार कागद मागा: गटाचा चालू सातबारा, नोंदणीकृत कराराची प्रत, मागच्या जूनचा फेरीचा अहवाल (त्यात जळालेलं क्षेत्रही लिहिलेलं हवं; कधीच काही जळालं नाही असा अहवाल आला तर प्रश्न विचारा) आणि हिस्सेदारांना किती रक्कम गेली त्याची यादी. पावतीवर 'देणगी' लिहिलेलं असेल तर संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक पाहा. 'कार्बन क्रेडिट' लिहिलेलं असेल तर ते कोणत्या नोंदवहीत आहे, त्याचा अनुक्रमांक काय आणि तुमच्या नावे ते रद्द केलंय का, हे विचारा. रद्द न केलेलं क्रेडिट उद्या दुसऱ्यालाही विकता येतं.